शेण विकून दावण भरत नाही

गोशाळा आणि पांजरपोळांच्या आर्थिक ओढाताणीचा विषय निघाला की एक उत्तर तयार असतं : त्यांनी स्वावलंबी व्हावं. शेण आहे, गोमूत्र आहे. गांडूळखत करा, गोवऱ्या थापा, धूप आणि पणत्या बनवा, बायोगॅस काढा आणि दर वर्षी हात पसरणं थांबवा. हा सल्ला व्यासपीठांवरून दिला जातो, प्रशिक्षण वर्गांत शिकवला जातो आणि देणगीची पावती घेता घेता दातेही तो ऐकवून जातात. देणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. संस्था टिकावी, तिने कुणाच्या मर्जीवर जगू नये, असं त्यांना मनापासून वाटतं. तरीही हा सल्ला मला साफ अमान्य आहे. तो साध्या हिशेबाला टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे ज्यांच्या निर्णयांमुळे आणि गरजांमुळे जनावर नकोसं झालं त्या सगळ्यांना तो मोकळं सोडतो, आणि सांभाळायचं काम ज्यांनी अंगावर घेतलं त्यांनाच कमाई न केल्याबद्दल दोषी ठरवतो.

आधी हे पाहू की अशा ठिकाणी कोणती जनावरं येतात. दुभती गाय कुणी सोडून देत नाही, आणि औताला चालणारा बैलही देत नाही. येतात ती भाकड गाय, मोडलेल्या पायाचा बैल, चार-आठ दिवसांचा जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताचा गोऱ्हा, महामार्गावर धडक बसून पडलेली कालवड, पोटात प्लास्टिक साठल्याने खाणं सोडलेली शहरातली गाय, आणि पोलिसांनी टेम्पोतून उतरवलेली, दाटीवाटीत चेंगरलेली जनावरं. यांचा खर्च शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या जनावरापेक्षा जास्त असतो. दात झिजलेल्या म्हाताऱ्या गायीला अख्खा कडबा चावत नाही, तिला कुट्टी करून, भिजवून, पेंड घालून द्यावं लागतं. चीक न मिळालेला गोऱ्हा बाटलीच्या दुधावर वाढवावा लागतो, आणि हगवण लागली की दोन दिवसांत जातो. उठता न येणाऱ्या जनावराची कूस दिवसातून अनेकदा दोन-तीन माणसांनी मिळून बदलावी लागते, नाहीतर जखमा होऊन त्यात किडे पडतात. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा आजारी जनावरं वेगळी बांधायला जागा आणि वेगळी माणसं लागली, आणि ज्या संस्थांकडे मुळातच दोन्ही अपुरं होतं त्यांचे हाल झाले. मरणाचाही खर्च असतो. कातड्यासाठी मेलेलं जनावर उचलून नेणारी जुनी व्यवस्था बहुतेक ठिकाणी मोडली आहे; आता खड्डा खणायला जेसीबी बोलवावा लागतो, आणि वर चुना-मीठ टाकावं लागतं.

रोजचा खर्च किती, याबद्दल संस्थाचालकांचा शब्द घेण्याची गरज नाही. सरकारचाच आकडा हाताशी आहे. २०१८-१९च्या दुष्काळात राज्यात चारा छावण्या उघडल्या गेल्या, आणि मे २०१९मध्ये छावणीतल्या मोठ्या जनावरामागे रोजचं अनुदान वाढवून १०० रुपये करण्यात आलं, लहान जनावरामागे ५० रुपये. छावणीत जनावराचा मालक किंवा घरातलं कुणीतरी सोबत मुक्कामाला असे. वैरण टाकणं, पाणी दाखवणं, शेण काढणं ही मेहनत त्यांचीच होती. म्हणजे १०० रुपयांत मजुरी जवळजवळ धरलेलीच नव्हती. गोशाळेत एक माणूस फार तर वीस-पंचवीस जनावरांचं बघू शकतो. त्याची हजेरी ५०० रुपये धरली तर दर जनावरामागे आणखी २० ते २५ रुपये होतात. औषधपाणी, वीज, गोठ्याची डागडुजी हे सगळं वेगळंच. तरीही प्रतिवादापुरता खर्च जुन्या दराने १०० रुपयेच धरू, म्हणजे मी आकडा फुगवतो असं कुणी म्हणणार नाही.

आता उत्पन्नाकडे येऊ. पूर्ण वाढलेलं, नीट खाणारं जनावर दिवसाला साधारण दहा किलो शेण टाकतं. शेणाला देशात सरकारी खरेदीचा भाव मिळाला तो छत्तीसगडमध्ये. तिथे २०२० साली सुरू झालेल्या गोधन न्याय योजनेत किलोला दोन रुपये दिले जात, आणि २०२२पासून गोमूत्राला लिटरमागे चार रुपये. शेण स्वतः सरकार विकत घेतं, सगळंच्या सगळं घेतं, असं मानलं तरी दिवसाचे २० रुपये झाले. गोमूत्र दिवसभरात सहा-सात लिटर होत असेल, पण मोकळ्या फिरणाऱ्या जनावराचं ते गोळा कसं करणार? निम्मं हाती लागलं तर १२-१४ रुपये. बायोगॅसचं गणितही पाहण्यासारखं आहे. २५ किलो शेणातून साधारण एक घनमीटर गॅस निघतो आणि तो जवळपास पावणेदोन पाव, म्हणजे ४३० ग्रॅम, स्वयंपाकाच्या गॅसइतकी उष्णता देतो. शंभर जनावरांच्या एक टन शेणातून दिवसाला १७ किलो गॅसचं काम होईल, एका घरगुती सिलिंडरहून थोडं अधिक. जनावरामागे हे दहा-अकरा रुपये झाले, आणि गॅस विकायला गिऱ्हाईक शेजारीच हवं. गांडूळखताचं गणित सांगताना एक गोष्ट नेहमी सुटते : ताज्या शेणाच्या वजनात ऐंशी टक्के पाणी असतं. दहा किलो शेणातून तयार, ओलसर खत जेमतेम तीन किलो निघतं. किलोला आठ रुपये मिळाले तर २४ रुपये, त्यातून मजुरी, पोती आणि वाहतूक वजा करायची. शिवाय एकच शेण एकदा दोन रुपयांना विकून पुन्हा त्याचं खत करता येत नाही. बायोगॅसच्या स्लरीपासून खत होतं हे खरं, तेवढी भर धरली तरी शंभराच्या खर्चापुढे उत्पन्न पस्तीस-चाळिसाच्या वर जात नाही. हाही हिशेब धडधाकट जनावराचा आहे. गोऱ्हा तीन-चार किलो शेण टाकतो, आणि मरणाला टेकलेली गाय त्याहूनही कमी.

यावर यशस्वी गोशाळांची उदाहरणं पुढे केली जातात. अशा गोशाळा आहेत, आणि त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण त्यांचा ताळेबंद उघडून पाहिला तर उत्पन्नाचा मोठा भाग दूध-तुपाचा असतो. तिथे गीर, साहिवाल अशा निवडक दुभत्या गायी असतात, शहरातल्या ग्राहकाला साध्या दुधाच्या कितीतरी पट भावाने दूध जातं, आणि त्या नफ्यातून काही भाकड जनावरं सांभाळली जातात. हा चांगला दुग्धव्यवसाय झाला. नकोशा जनावरांचं आश्रयस्थान त्यावरून जोखणं चूक आहे, कारण आश्रयस्थानाला जनावर निवडता येत नाही. दूध हवं तर गाय गाभण ठेवावी लागते, म्हणजे दर वर्षी नवी वासरं, त्यांतली निम्मी गोऱ्हे. जी संस्था दुधावर स्वावलंबी होते ती स्वतःच नकोशी जनावरं जन्माला घालू लागते. धूप, पणत्या, साबण यांची बाजारपेठ छोटी आहे. पहिल्या दहा संस्थांना ती पुरली म्हणून पुढच्या पाचशेंना पुरेल असं होत नाही. अर्काची बाटली औषध म्हणून विकायची तर तिच्या गुणांचा पुरावाही द्यावा लागतो, आणि तो नसताना आजारी माणसाला ती विकणं हे जनावरासाठी केलं तरी गैरच.

पूर्वी या संस्था आपापल्या बळावर चालत, सरकारकडे कुणी जात नव्हतं, असंही सांगितलं जातं. सरकारकडे जात नव्हतं हे खरं, पण शेणावरही चालत नव्हत्या. मुंबईचा पांजरपोळ १८३४चा. त्याआधी दोन वर्षं, १८३२ साली, भटकी कुत्री मारण्याच्या इंग्रजी अंमलदारांच्या मोहिमेवरून मुंबईत दंगल झाली होती. त्या पार्श्वभूमीवर जमशेटजी जीजीभाई आणि मुंबईतल्या गुजराती व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढला. तो चालला व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर स्वतःहून बसवून घेतलेल्या लागेवर. माल आला-गेला की त्यावर ठरलेली रक्कम पांजरपोळाला जाई. त्याची तेजी-मंदी बाजाराबरोबर असेल, पण ती एखाद्याच्या लहरीवर नव्हती. शिवाय जमिनी आणि इमारती देऊन कायमच्या भाड्याची सोय केली गेली. म्हणजे ज्यांना जनावरं जगावीत असं वाटत होतं त्यांनी आपल्या धंद्यातून नियमित वाटा काढून दिला. आज परंपरेचं नाव घेऊन जे सांगितलं जातं त्यात हा वाटाच गळलेला आहे.

न्यायाची बाजू मला हिशेबाहून महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात १९७६च्या पशुसंरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होती, पण बैल आणि वळू यांना प्रमाणपत्र घेऊन कत्तलीला मुभा होती. १९९५ साली विधिमंडळाने ती मुभा काढणारी दुरुस्ती केली. राष्ट्रपतींची संमती मिळून ती मार्च २०१५मध्ये अमलात आली, कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड ठरला. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. या प्रश्नाची अवघड बाजू न्यायालयांना फार पूर्वी दिसली होती. १९५८च्या हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामातून गेलेल्या बैलांच्या कत्तलीवरची सरसकट बंदी मान्य केली नाही, आणि त्यामागे एक मोठा विचार त्यांना पोसण्याच्या भाराचा होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत देशभर १६० गोसदनं उभारायचं ठरलं होतं, त्यातली थोडीच उभी राहिली, हे तेव्हाच लक्षात आलेलं होतं. २००५ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने गुजरातच्या कायद्याबाबत भूमिका बदलली. म्हातारा बैलही शेण आणि मूत्र देतो, त्यामुळे तो निरुपयोगी म्हणता येत नाही, हा त्यातला एक आधार होता. जमिनीला आणि समाजाला ते उपयोगी आहे हे मी मान्य करतो. पण त्या शेणातून त्या बैलाची वैरण सुटते असं त्यावरून सिद्ध होत नाही. समाजाच्या उपयोगासाठी त्याला जगवायचं ठरलं असेल तर खर्चही समाजाचाच.

जनावर नकोसं होण्याचं कारण एकटा कायदा नाही, आणि तसं म्हणणं अन्यायाचं होईल. ट्रॅक्टरने बैल हटवला, कृत्रिम रेतनाने वळू हटवला, आणि दुधासाठी आणलेल्या संकरित जातींचे गोऱ्हे उन्हात औताला फारसे टिकत नाहीत. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात गायींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली आणि नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. जन्माला येताना नर आणि मादी जवळपास समान असतात, हे लक्षात घेतलं की या दोन आकड्यांमधलं अंतर अस्वस्थ करतं. त्याच गणनेत देशात मोकाट गुरं ५० लाखांच्या वर होती. आपल्या रोजच्या चहात पडणाऱ्या दुधासाठी गाय विते. तिच्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं हा प्रश्न दूध पिणाऱ्या प्रत्येकाचा आहे, मग तो गाय पूज्य मानणारा असो वा न मानणारा. दुधाच्या पिशवीच्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा आहे, संघाचा आहे, वाहतुकीचा आणि दुकानदाराचा आहे. या वासराचा काहीच नाही.

संस्थेच्या आत काय घडतं हे बाहेरून चटकन दिसत नाही. कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्यातून काही पिल्लं दत्तक जातात. इथे येणारं जनावर बहुधा मरेपर्यंत राहतं. महिन्याला दहा जनावरं घेतली आणि ती सरासरी सहा वर्षं जगली, तर संख्या वाढत वाढत ७२०वर जाऊन स्थिरावते. तेव्हा रोजचा खर्च ७२ हजार रुपये, वर्षाचा अडीच कोटींच्या पुढे. एक गोऱ्हा पंधरा वर्षं जगला तर त्याच्या एकट्याच्या पोटाला साडेपाच लाख लागतात. या खर्चापुढे एकरकमी अनुदानं किती अपुरी आहेत ते पाहा. २०१७च्या गोवर्धन गोवंश सेवा केंद्र योजनेत जिल्ह्याला एक संस्था निवडून एक कोटी रुपये द्यायचं ठरलं. शेड, पाणी, चारा-लागवड यांसाठी ते उपयोगीच. पण सगळे पैसे वैरणीत घातले तरी शंभर जनावरांना हजार दिवस पुरतील, तीन वर्षंही नाहीत. त्यात पोलिसी कारवाईतली जनावरं येतात. केंद्राच्या २०१७च्या नियमांनुसार खटल्याचा मुद्देमाल म्हणून जप्त केलेली जनावरं पांजरपोळ किंवा गोशाळेत ठेवायची आणि खर्च मालक, वाहतूकदार यांच्याकडून वसूल करायचा. वसुली खटल्याच्या गतीने चालते, जनावर मात्र त्याच रात्री भुकेलेलं असतं. संस्थेने जागा भरली म्हणून दाखल करणं थांबवलं तर तिच्यावर निष्ठुरपणाचा ठपका येतो, आणि घेतलं तर आधीच्या जनावरांची वैरण कमी होते. दुसरा मार्ग लोकांना दयेचा वाटतो, पण उपासमार त्यातूनच सुरू होते, आणि अपुऱ्या पैशावर चालणाऱ्या ठिकाणी जनावरं खंगतात ती बहुतेक अशीच.

देणग्यांवर भागेल असं मानणाऱ्यांनी देणग्यांचं वेळापत्रक बघावं. पैसा येतो वसुबारसेला, गोपाष्टमीला, थोडा पितृपक्षात आणि संक्रांतीला, म्हणजे बहुतांश पावसाळ्यानंतर, हिरवं गवत शिल्लक असताना. कडबा विकत घ्यायची वेळ ज्वारी काढल्यावर, माघ-फाल्गुनात असते. तेव्हा वर्षभराचा एकदम घेतला तर शेकडा बराच कमी पडतो. ज्याच्याकडे तेव्हा लाखो रुपये रोख नसतात तो वैशाखात चढ्या भावाने घेतो. त्यात ज्वारीखालचं क्षेत्र घटत चाललं आहे, सोयाबीनचं भुस्कट कडब्याची बरोबरी करत नाही, आणि गव्हाचं काड हार्वेस्टरमागे शेतातच राहतं. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीत प्राणिकल्याण बसतं, पण त्यांना शेड किंवा रुग्णवाहिका द्यायला आवडतं, जिच्यावर नाव लिहिता येतं. कडब्याच्या गंजीवर नाव लिहिता येत नाही. कित्येक दाते पैशाऐवजी उरलेला भात, पोळ्या, प्रसाद घेऊन येतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असं शिजलेलं पिष्टमय अन्न एकदम गेलं की आम्ल वाढतं, पोट फुगतं, आणि जनावर दगावतं. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, तेही दाता दुखावणार नाही अशा बेताने, कारण पुढच्या महिन्याची पेंड त्याच्याच मर्जीवर असते.

शेतकऱ्यानेच जनावर शेवटपर्यंत सांभाळावं, असं म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. २०१५पूर्वी म्हातारा बैल विकून येणारी रक्कम नव्या जोडीच्या किमतीत घातली जाई. ती रक्कम कायद्याने गेली आणि बदल्यात त्याला काहीच मिळालं नाही. राज्यातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होती. एवढ्या जमिनीवर जगणाऱ्या कुटुंबाने वर्षाला साडेछत्तीस हजार एका भाकड जनावरावर घालावेत, ही अपेक्षा शहरात बसून करणं सोपं आहे. शेतकरी चळवळीतून वेगळा आणि जास्त वजनदार आक्षेप येतो : कायदाच रद्द करा, बाजार पूर्ववत करा, मग नकोशी जनावरं उरणारच नाहीत. त्या वादात दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत, आणि तो वाद विधिमंडळात आणि न्यायालयात चालेल. पण माझं म्हणणं त्याच्या निकालावर अवलंबून नाही. कायदा जोवर आहे तोवर त्याचा खर्च भरला पाहिजे. उद्या तो गेला तरी आज गव्हाणीशी उभ्या असलेल्या जनावरांची भूक त्यासोबत जाणार नाही. कायदा हवा असणाऱ्यांची जबाबदारी तर दुप्पट आहे, कारण अन्नाची सोय न करता केलेली बंदी जनावराचं मरण थांबवत नाही, फक्त लांबवते.

सरकारी पैसा दिला की तो खाल्ला जाईल, खोट्या गोशाळा उगवतील, हा आक्षेप खरा आहे, आणि गोशाळाप्रेमींनी तो मनाला लावून न घेता मान्य करावा. मात्र त्यावर उपाय उपलब्ध आहेत. जनावरांच्या कानात आता बारा आकडी बिल्ले असतात, आणि २०१९च्या छावण्यांत जनावरांची हजेरी बारकोडने घेण्याचा प्रयोग झालेलाच आहे. आलेल्या आणि मेलेल्या प्रत्येक जनावराची नोंद, पशुवैद्यकाची अचानक तपासणी आणि संस्थेच्या दारावर लावलेला महिन्याचा हिशेब, एवढं झालं तर एकरकमी कोटीच्या अनुदानापेक्षा रोजच्या दरडोई रकमेत चोरी करणं अवघड होईल. संस्थाचालकांपैकी ज्यांना हिशेब दाखवायचा नाही त्यांच्या बाजूने मी बोलत नाही. मृत्यूचे आकडे लपवणारी संस्था दानावर चालो वा अनुदानावर, ती जनावरांचं भलं करत नाही.

शाळा आणि दवाखान्यांना पैसे नसताना गुरांवर कशाला खर्च, हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी उलट विचारेन की न दिल्याने खर्च वाचला कुठे? उत्तर प्रदेशात २०१८च्या अखेरीस पीक राखून थकलेल्या शेतकऱ्यांनी मोकाट गुरं सरकारी शाळांच्या आवारात कोंडली, आणि जानेवारी २०१९मध्ये सरकारला गोकल्याणासाठी उपकर लावावा लागला. गुजरातमध्ये २०२२च्या अर्थसंकल्पात ५०० कोटींची घोषणा झाली, पैसे पोचले नाहीत, आणि सप्टेंबरात बनासकांठातल्या पांजरपोळांच्या विश्वस्तांनी हजारो गुरं सरकारी कचेऱ्यांत सोडली. जयपूरच्या हिंगोनिया गोशाळेत २०१६च्या पावसाळ्यात मजुरांनी थकलेल्या पगारासाठी काम बंद केलं, आणि शेकडो जनावरं चिखलात रुतून, उपाशी मेली. ती महापालिकेची संस्था होती. न भरलेला खर्च असा कुठे ना कुठे बाहेर पडतो : शेतात, महामार्गावरच्या अपघातांत, शहरातल्या गायीच्या पोटातून निघणाऱ्या तीस-चाळीस किलो प्लास्टिकमध्ये.

महाराष्ट्राने एक पाऊल योग्य दिशेने टाकलं आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला राज्यमाता-गोमाता घोषित करताना मंत्रिमंडळाने गोशाळांतल्या देशी गायींसाठी रोज ५० रुपयांच्या अनुदानाला मान्यता दिली. उत्पन्न अत्यल्प असल्याने गोशाळांना हे परवडत नाही, असं कारण सरकारनेच दिलं. म्हणजे स्वावलंबनाचा आग्रह सरकारी निर्णयातच मागे पडला, आणि खर्च रोजचा असतो हे तत्त्व मान्य झालं. पण दर २०१९च्या छावणीच्या निम्मा आहे, आणि देशी गायींपुरता आहे. आज सर्वांत जास्त टाकून दिले जातात ते संकरित गोऱ्हे, आणि कत्तलबंदी त्यांनाही तेवढीच लागू आहे. कायदा करताना जात पाहिली नाही, मग वैरण देताना का पाहायची? प्रत्येक गोवंशाला, जात आणि लिंग न पाहता, चाऱ्याच्या भावाबरोबर दर वर्षी बदलणारा दर मिळायला हवा. खटल्यातल्या जनावराचा खर्च राज्याने त्या दिवसापासून संस्थेला द्यावा आणि आरोपीकडून वसुली स्वतः करत बसावं.

पैसा कुठून आणायचा याचं उत्तर मुंबईच्या जुन्या लागेतच आहे. राज्यात संघटित क्षेत्रात रोज जमा होणारं दूध कमीत कमी, एक कोटी लिटर धरलं आणि पिशवीवर लिटरमागे फक्त दहा पैसे घेतले, तर दिवसाला दहा लाख रुपये होतात. शंभर रुपये दराने दहा हजार जनावरांची रोजची सोय. पंचवीस पैसे घेतले तर पंचवीस हजारांची. हा भार ग्राहकाकडे राहावा, उत्पादकाच्या दरातून कापला जाऊ नये, एवढी अट कायद्यातच घालावी लागेल, नाहीतर संघ तो शेतकऱ्यावरच ढकलतील. २०२४ साली सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं होतं. त्यापुढे दहा पैशांनी ग्राहकाचं कंबरडं मोडेल असं कुणाला म्हणता येणार नाही. याच निधीतला काही भाग लिंगनिश्चित रेतमात्रांवर घालावा. त्यांनी दहात नऊ कालवडी होतात, त्यामुळे नकोसे गोऱ्हे जन्मालाच कमी येतील. पण त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतील, आणि कालवडीही पुढे भाकड होतातच. तोवर दारात आणून सोडलेल्या गोऱ्ह्यासाठी दूधपावडर आणि कुट्टी लागणार आहे, आणि तिचं बिल महिन्याच्या महिन्याला चुकतं करावं लागणार आहे.